दोन 'मी'

माझी भाची पाचवीत आहे. परवा तिच्या इंग्रजीच्या वहीत एका वाक्याखाली लाल रेघ होती. तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, 'मी वेंट टु द मार्केट.' आणि विचारलं, "मामा, 'मी' म्हणजे मीच ना? मग 'आय' कशाला?"

बाजारात जाणारा तो कर्ता, म्हणून 'आय'. इंग्रजीतला 'मी' म्हणजे आपला 'मला'. एवढं सांगितल्यावर तिचं समाधान झालं आणि ती खेळायला पळाली. मी मात्र त्या वहीपाशीच बसून राहिलो. तिच्या कानाने जे पकडलं होतं ते खरंच होतं. मराठी 'मी' आणि इंग्रजी 'मी' नुसते ऐकायला सारखे नाहीत, ते एकाच घराण्यातले आहेत.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'मे' असा उच्चारत. संस्कृतात 'मला' किंवा 'माझे' या अर्थाने जो 'मे' येतो, त्याचाच हा भाऊबंद. पुढे पंधराव्या शतकापासून इंग्रजीतले दीर्घ स्वर तोंडात एकेक पायरी वर चढत गेले, 'ए'चा 'ई' झाला आणि 'मे'चा 'मी'. आपल्याकडे हा शब्द निराळ्या वाटेने आला. संस्कृत 'मया', म्हणजे 'माझ्याकडून', हे रूप प्राकृतातून झिजत झिजत मराठीत 'मी' झालं. म्हणजे आपला 'मी' हा 'अहम्'चा वारस नाहीच. तृतीयेचं रूप सरकत सरकत कर्त्याच्या पाटावर येऊन बसलं. त्याची खूण अजून दिसते. 'तो आंबा खातो', पण 'त्याने आंबा खाल्ला'. 'मी आंबा खातो', आणि 'मी आंबा खाल्ला'. 'मी'ला 'ने' लागत नाही, कारण 'ने'चा अर्थ त्याच्यात मुळातच होता.

आणि 'अहम्'? तो मराठीतून गेला, पण त्याचे नातेवाईक युरोपात आहेत: लॅटिनमध्ये 'एगो', जर्मनमध्ये 'इश' आणि इंग्रजीत झिजून उरलेला 'आय'. म्हणजे इंग्रजीने दोन्ही शब्द सांभाळले, एक कर्त्यासाठी, एक कर्मासाठी. मराठीने एक सोडून दिला आणि दुसऱ्याला बढती दिली. भाचीने वहीत जे केलं होतं, तेच आपल्या पूर्वजांनी कधीतरी केलं होतं!

इंग्रजीची सर्वनामं मला म्हणूनच माळ्यावरच्या पेटीसारखी वाटतात. खालच्या घरातलं सामान केव्हाच बदललं, पण पेटीत जुनी वस्त्रं घडी घालून ठेवलेली आहेत. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्ती होती, तीन लिंगं होती. सूर्य स्त्रीलिंगी होता आणि चंद्र पुल्लिंगी. मग शब्दांच्या शेवटचे स्वर पुसट झाले, नवव्या शतकापासून इंग्लंडात वस्ती करून राहिलेल्या डेन लोकांशी रोजचा व्यवहार करताना प्रत्ययांची आणखी झीज झाली, आणि नामं उघडी पडली. आज इंग्रजीत वाघ आणि माणूस यांच्या जागा बदलल्या की मारणारा बदलतो. आपल्याकडे 'वाघाने माणसाला मारलं' म्हणा नाहीतर 'माणसाला मारलं वाघाने' म्हणा, वाघ वाघच राहतो.

पण सहा जोड्यांनी ती झीज झेलली. 'आय' आणि 'मी', 'ही' आणि 'हिम', 'शी' आणि 'हर', 'वी' आणि 'अस', 'दे' आणि 'देम', 'हू' आणि 'हूम'. यातला 'हूम' लोक आता टाळतात. मला तो फार प्रिय आहे. संस्कृत शिकलेल्यांनी त्याच्या शेवटच्या 'म'कडे नीट पाहावं. 'कः'ची चतुर्थी 'कस्मै', 'सः'ची 'तस्मै'. या रूपांच्या मधला 'स्म' इंग्रजीच्या कुळातल्या जर्मानिक भाषांत 'म्म' झाला आणि शेवटी एकटा 'म' उरला. 'हूम', 'हिम' यांच्या टोकाला लटकलेला 'म' तोच. प्रश्न विचारणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीची 'डब्ल्यू-एच' ही जोडी म्हणजेही आपला 'क'. कोण, काय, केव्हा यांत तो कडक राहिला, इंग्रजांच्या तोंडात त्याची फुंकर झाली.

ही रूपं कुठे वापरायची याचा नियम पाठ करताना मुलं रडकुंडीला येतात, आणि मोठी माणसंसुद्धा चुकतात. 'मी' म्हटलं तर अडाणी दिसू, या भीतीने कित्येक शिकलेले इंग्रज 'बिट्वीन यू अँड आय' म्हणतात. मराठी माणसाला ही चूक टाळायला पुस्तक उघडावं लागू नये. शब्दयोगी अव्यय लागलं की आपण सर्वनामाचं सामान्यरूप करतो, न शिकवता. 'माझ्यासाठी' म्हणतो, 'मीसाठी' कुणी म्हणत नाही. 'तुझ्या-माझ्यात' म्हणतो, 'तू-मीत' म्हणून पाहा, जीभच अडते. इंग्रजीत 'फॉर', 'विथ', 'बिट्वीन' हे शब्द आधी येतात एवढाच फरक, काम तेच. तिथे 'मी', 'हिम', 'देम' हीच रूपं हवीत.

बहुवचनाच्या 'दे'ची गोष्ट तर अजबच आहे. सर्वनाम ही भाषेतली सगळ्यात घरची वस्तू, ती सहसा कुणी उसनी घेत नाही. इंग्रजीने घेतली! 'दे' आणि 'देम' डेन लोकांच्या भाषेतून आले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसर लिहीत होता तेव्हा कर्त्याच्या जागी नवा 'दे' आणि कर्माच्या जागी जुना 'हेम' असा मिश्र संसार चालू होता. आजही इंग्रज बोलण्याच्या ओघात 'देम'चा नुसता 'एम' करतो, तो त्या 'हेम'चाच उरलेला तुकडा. आपली मुलं निबंधात आदराने 'सर केम, दे टोल्ड अस' लिहितात तेव्हा मात्र लाल रेघ बसते. आदरार्थी बहुवचन इंग्रजीच्या तृतीय पुरुषात नाही.

द्वितीय पुरुषात मात्र ते इतकं माजलं की एकवचनाला गिळून बसलं. आपल्या 'तू'चा सख्खा भाऊ 'दाउ' तिथे होता. 'यू' म्हणजे मुळात 'तुम्हाला'. पुढे तो 'तुम्ही'ही झाला, मोठ्या माणसासाठी आदराचाही झाला, आणि शेवटी सगळ्यांसाठी. एकाच माणसाला 'यू आर' म्हणताना इंग्रज आजही 'तुम्ही आहात'च म्हणत असतो. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी याविरुद्ध हट्ट धरला. देवासमोर सगळे सारखे, म्हणून न्यायाधीशालाही 'दाउ'च म्हणायचं. त्यासाठी त्यांनी मारही खाल्ला. 1660 मध्ये त्यांच्या जॉर्ज फॉक्सने दोन साथीदारांसह एकवचन-बहुवचन शिकवणारं एक जाडजूड पुस्तकच काढलं, त्यात कितीतरी भाषांचे दाखले दिले. एका सर्वनामासाठी!

नामांनीही एखादा दागिना मागे ठेवलाय. 'ऑक्स'चं अनेकवचन 'ऑक्सन' का, याला शाळेत उत्तर मिळतं 'अपवाद'. संस्कृतात बैलाला 'उक्षन्' म्हणतात, 'राजन्'सारखा नकारान्त शब्द. प्रथमेच्या एकवचनात त्याचा 'न' गळतो, 'उक्षा' होतो, आणि बहुवचनात 'उक्षाणः' म्हणून परत येतो. 'ऑक्स'मध्ये नाही आणि 'ऑक्सन'मध्ये आहे, तो 'न' हाच. दोन खंडांत बैल नांगर ओढत राहिले आणि त्यांच्या नावातला 'न' हजारो वर्षं तसाच ये-जा करत राहिला.

संध्याकाळी भाची परत आली. तिच्या आईने खालून हाक मारली होती, "आपण जेवायला बाहेर जाऊ या." वही आवरता आवरता तिने विचारलं, "मामा, 'आपण'ला इंग्रजीत काय म्हणतात?"

"वी."

"आणि 'आम्ही'ला?"

"वीच."

ती पायरीवर थांबली. "मग आपल्याला पण बोलावलंय की नाही, हे त्यांना कळतं कसं?"