जबड्यातील गाठीचा स्वभाव

खालच्या जबड्यात, अक्कलदाढेच्या आसपास, अस्थीला आतून पोखरीत वर्षानुवर्षे वाढणारी गाठ पुष्कळदा दुखतही नाही. दाढेसाठी म्हणून काढलेल्या क्ष-किरण चित्रात ती अकस्मात दृष्टीस पडते, आणि तुकडा तपासून ‘कर्करोग नव्हे’ असा दाखला हाती आला की घरातील मंडळींच्या जिवात जीव येतो. हा दिलासा खराच आहे. परंतु काढलेली गाठ पुन्हा उद्भवेल काय, या प्रश्नाबाबत तो दाखला बहुधा मौन पाळतो.

१९५६ साली फिलिपसेन यांनी नामकरण केलेली ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट पाहावी. तिचे अस्तर अवघे सहा ते आठ पेशींच्या जाडीचे, काढताना सहज फाटणारे. त्याची एखादी चिंधी अस्थीत राहिली, किंवा भोवतालच्या भिंतीतील सूक्ष्म कन्यापुटी नजरेतून निसटल्या, की रोग पुनश्च मूळ धरतो. या अस्तराची जबानी घेण्यास केआय-६७ हे प्रथिन उपयोगी पडते. १९८३ साली जर्मनीतील कील येथील संशोधकांनी त्याचा शोध प्रसिद्ध केला; पेशी विभाजनाच्या चक्रात असताना ते केंद्रकात आढळते, विश्रांत पेशीत आढळत नाही. मेणात बसविलेल्या ऊतीचा काही मायक्रॉन जाडीचा काप काचपट्टीवर घेऊन त्यावर प्रतिपिंड सोडला म्हणजे तो त्याच प्रथिनाला चिकटतो, आणि पुढील रंगक्रियेने निळ्या केंद्रकांच्या गर्दीत विभाजनोन्मुख केंद्रके तपकिरी उमटतात. न उगवलेल्या दाताच्या मुकुटाभोवती होणाऱ्या साध्या पुटीत अशी केंद्रके विरळ असतात. केराटोसिस्टमध्ये मात्र ती तळच्या ओळीच्या वरच्या थरांत दाटीने दिसतात.

अशाच पुराव्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या पुटीची नोंद अर्बुदांत केली, आणि २०१७ साली तो फैसला फिरवून तिला पुन्हा पुटींच्या दप्तरात आणले. हा फेरविचार मला योग्य वाटतो. कारण दाह झालेल्या अस्तरातही तपकिरी केंद्रके वाढतात, म्हणून केवळ त्यांच्या गणतीवर विसंबणे धोक्याचे.

अमेलोब्लास्टोमाची कैफियत निराळी. ही गाठही सौम्यच गणली जाते, तथापि अस्थीत दूरवर शिरते, म्हणून तिच्यासाठी जबड्याचा भाग निरोगी अस्थीच्या किनारीसह कापावा लागतो. २०१४ साली अशा पुष्कळ गाठींत, विशेषतः खालच्या जबड्यातील, बीआरएएफ जनुकातील एक ठरावीक बदल आढळला. त्यातून निपजणारे विकृत प्रथिन व्हीई-१ या प्रतिपिंडाने काचपट्टीवर ओळखता येते, आणि त्यास रोखणाऱ्या औषधाने काही रुग्णांच्या गाठी आकुंचन पावल्याचे वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकांत आले आहेत. विशीतल्या रुग्णाचा अर्धा जबडा कापण्याचे ठरविण्यापूर्वी ही तपासणी करून घेण्याचा आग्रह त्याच्या आप्तांनी धरावा.