संध्याकाळी सातचा भाव

कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरापोरींना काय खायचं हे सगळेच सांगतात. पण पैसे खरे वाचतात ते कधी घ्यायचं हे कळल्यावर.

पालेभाजीचंच बघा. पुण्यात मागच्या आठवड्यात सातच्या सुमाराला मंडईत गेलो, तर एका मावशींपुढे मेथीच्या तीनच जुड्या उरल्या होत्या. सकाळी वीसला एक. “ने बाळा, तिन्ही तीसला,” म्हणत त्यांनी जुड्यांवरचं पाणी झटकलं, माझ्या पिशवीत कोंबल्या आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या. पालेभाजी रात्र काढत नाही, मावशींना पाटी रिकामी करून घर गाठायचं असतं. या वेळी भाव आपणहून उतरलेला असतो, आणखी घासाघीस करू नका. मेथी मात्र त्याच रात्री निवडायची.

ही मंडई 1886 ची. मूळ नाव रे मार्केट, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. त्यापेक्षा शिक्षणावर पैसा लावा, हे त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला नाव मिळालं ते महात्मा फुल्यांचं. शिकायला आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असावी, असं मला मनापासून वाटतं.

अंड्यांचं गणित पंचांगावर! श्रावण लागला की महाराष्ट्रात अंड्यांचा उठाव कमी होतो आणि भाव बहुधा खाली येतो. श्रावण न पाळणाऱ्या रूममेटांनी मिळून 30 चा ट्रे घ्यावा. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं.

भातासाठी तुकडा तांदूळ मागा. तोच तांदूळ, फक्त गिरणीत मोडलेला, म्हणून स्वस्त. खिचडीला तर तोच छान लागतो.

पाकिटावर एमआरपीजवळ दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो, तो वाचा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही.

कांदा एप्रिल-मेमध्ये भरा. तेव्हाचा उन्हाळ कांदा महिनोन् महिने टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा लवकर सडतो किंवा कोंब धरतो. चौघांत दहा किलो घ्या, टोपलीत मोकळे पसरा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. बटाट्यांपासूनही लांब ठेवा.

आणि मोड आलेली मटकी तयार घेऊ नका. तिच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, आणि त्या पाण्याचेही पैसे आपण मोजतो. कोरडी पाव किलो मटकी रात्री भिजत घाला, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. कॉलेजातून परत येईपर्यंत फडक्यातून पांढरे मोड डोकावू लागतात आणि पाव किलोची अर्ध्या किलोच्या घरात गेलेली असते. फोडणीला मोहरी, हळद, कांदा, वर लिंबू. दोघांची उसळ होऊन सकाळच्या डब्यालाही उरते.