बैठकीत वही काढावी का?

विषय संगीताचा असो वा नसो, प्रत्यक्ष निरीक्षणातून संशोधन करणार असाल तर एक प्रश्न तुम्हाला कधीतरी गाठणारच: समोर चाललंय ते लिहून घ्यायचं, की त्यात बसायचं? मला तो एका छोट्या संगीत मंडळाच्या बैठकीत गाठला.

आपल्याकडे अशी मंडळं जुनी आहेत. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ सालचा. मी जाते ते मंडळ इतकं नामांकित नाही. पहिल्या मजल्यावरची खोली, सतरंज्या, मागे गुडघेदुखीवाल्यांसाठी खुर्च्यांची एक रांग. माणसं जेमतेम साठ. माइक असतो, पण नसला तरी चालेल. अशा खोलीत गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मात्र आपणही त्याला दिसत असतो, हे लक्षात येत नाही.

पहिल्या बैठकीत मी तिसऱ्या रांगेत वही उघडून बसले. राग, बंदिशीचे बोल, लय कधी वाढली, सगळं वेळेसकट. चार पानं भरली, खूश होते. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांनी वही चाळून विचारलं, "दाद कोणी दिली? कोणत्या जागेला? तबलजी कधी हसला?" एकाचंही उत्तर नव्हतं. आणि राग, बोल तर रेकॉर्डिंगमध्ये होतेच! (रेकॉर्डिंगची परवानगी आयोजक आणि कलाकार, दोघांचीही घ्यायची. हे वगळू नका.)

इथे क्रिस्टोफर स्मॉल यांचं 'म्युझिकिंग' (१९९८) हे पुस्तक कामी येतं. संगीत ही वस्तू नव्हे, कृती आहे आणि ऐकणाराही त्या कृतीत सामील असतो, हा त्यांचा मुद्दा. मोठ्या सभागृहात तो मानून घ्यावा लागतो. साठ माणसांच्या खोलीत तो डोळ्यांना दिसतो. पुढे बसलेल्या जाणकाराने मान डोलावली की गायक तीच जागा पुन्हा, जरा वेगळ्या अंगाने घेतो. म्हणजे तुमचा 'डेटा' श्रोतेही घडवत असतात. आणि त्या श्रोत्यांत तुम्हीही आलात.

हे मला पुढच्या बैठकीत गायकबुवांनीच ऐकवलं. मध्यंतरात चहा घेताना म्हणाले, "ताई, परीक्षक आहात का? दर समेवर बघतो तर तुमची मान खाली. लिहा हो, पण समेला तरी वर बघा." मी ओशाळले. मी समजत होते, मी नुसतं निरीक्षण करतेय; बुवा तासभर माझ्या खाली घातलेल्या मानेसमोर गात होते.

त्यांच्या बोलण्यात पद्धतही सापडली. विलंबित एकतालाच्या मात्रा १२. एक मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन ४८ सेकंदांचं. तेवढ्यात दोन शब्द आणि घड्याळातली वेळ आरामात लिहून होते. सम येण्याआधी मान वर. द्रुतात मी लिहीतच नाही. घरी आल्यावर, झोपण्यापूर्वी, त्या तुटक शब्दांवरून सविस्तर टिपण. सकाळवर ढकललं की राग आठवतात, चेहरे पुसट होतात. त्यात स्वतःलाही लिहा: कुठे बसलात, कुठे कंटाळलात, 'वा' कधी निघून गेलं.

परवाच्या टिपणात एक ओळ आहे: '८.४०. समेवर बुवांनी इकडे पाहिलं.' ती प्रबंधाच्या कुठल्या प्रकरणात बसवायची, ते अजून ठरलेलं नाही.