इन्शुलिन घेणारा विद्यार्थी व धावण्याचा सराव

इन्शुलिन टोचून घेणाऱ्या विद्यार्थ्यास धावण्यातून वगळू नये. १९२२ साली टोरोंटो येथे १४ वर्षांच्या मधुमेही मुलास हे औषध प्रथम दिले गेले. तेव्हापासून अशी मुले मोठी होऊ लागली. उपचार शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी होत असले, तरी मैदानावर जवळ असतात ते शिक्षकच. धावताना स्नायू रक्तातील साखर अधिक वापरतात. टोचलेल्या इन्शुलिनचे कार्य मात्र चालूच राहते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार आधी साखर तपासून आवश्यक तर खाऊ द्यावा. घाम, कंप वा गोंधळ दिसताच मुलास थांबवून तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. साखरेची पुडी शिक्षकांनी सदैव जवळ बाळगावी.