नोटीस वाचावी कोणी?

बेळगावच्या पश्चिमेस वसलेल्या बेळगुंदीचे नाव मराठी माणसास ठाऊक झाले ते १९८६ च्या जूनमधील कन्नडसक्तीविरोधी आंदोलनामुळे. त्या गावाने भाषेसाठी हुतात्मे दिले. भात, रताळी आणि काजू यांवर जगणाऱ्या या पट्ट्यातील शेतकऱ्यापुढे भाषेचा तोच प्रश्न आता बांधावर येऊन उभा आहे.

२०२१ च्या नोव्हेंबरात हलगा-मच्छे बायपाससाठी पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकांतून यंत्रे फिरली. शेतकऱ्यांना न्यायालयातून स्थगिती आणावी लागली. पुढच्याच वर्षी बेळगावभोवतीच्या रिंगरोडसाठी तालुक्यातील अनेक गावांच्या जमिनींवर सरकारची नजर गेली आणि शेतकरी मोर्चाने रस्त्यावर आले. सार्वजनिक कार्यासाठी खाजगी जमीन घेण्याचा सरकारचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. आमचा आक्षेप आहे तो रीतीला.

४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क १९७९ पासून मूलभूत हक्कांच्या पंक्तीतून उठविला. तरीही कायद्याच्या आधाराविना कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही, हे कलम ३०० अ ने राखले आहे. त्या कलमाचा अर्थ सांगताना सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या मे महिन्यात मालकाचे जे हक्क गणले, त्यांत पहिला नोटिशीचा आणि दुसरा म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा. पहिला पोकळ ठरला की दुसऱ्यास अर्थ उरत नाही.

राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली हरकतीस मुदत अवघी २१ दिवसांची. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावा व त्यांतील एक देशी भाषेचे असावे, एवढेच तो कायदा सांगतो. देशी भाषा कोणती? बेळगुंदीच्या ओसरीवर बोलली जाते ती, की बंगळूरच्या सचिवालयात चालते ती? २०१३ चा भूसंपादन कायदा याहून शहाणा आहे. तो ‘प्रादेशिक’ भाषेतील वृत्तपत्राची अट घालतो आणि शिवाय पंचायतीत ‘स्थानिक’ भाषेतील सूचना मागतो. हरकतीस ६० दिवस देतो. त्यातील भरपाईच्या तरतुदी २०१५ मध्ये महामार्गांना लागू झाल्या. सूचनेच्या मात्र झाल्या नाहीत! पैसे नव्या कायद्याने, नोटीस जुन्या कायद्याने, असा हा कारभार.

कन्नड न वाचता येणाऱ्या शेतकऱ्याने त्या २१ दिवसांत वाचून देणारा गाठावा, सर्व्हे नंबर ताडून पाहावा, वकील धरावा आणि हरकत लिहावी. उताऱ्यावर अजून दिवंगत आजोबांचेच नाव असेल, तर त्याच्या हाती काय पडणार? कोकणातील वाचकाने नाणार आठवावे. तेथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाची २०१७ ची भूसंपादन अधिसूचना लोकांच्या विरोधापुढे २०१९ मध्ये रद्द झाली. पण तेथे सरकारची आणि शेतकऱ्याची भाषा एकच होती.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांनुसार, जेथे त्यांचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. बेळगाव तालुक्यात मराठी भाषकांचे प्रमाण त्याहून कितीतरी मोठे आहे. तेव्हा कन्नड नोटिशीसोबत मराठी नोटीस घरपोच जावी, सुनावणी गावात व्हावी, मराठीत दिलेली हरकत जशीच्या तशी नोंदवून तिला सकारण उत्तर मराठीत मिळावे. आणि ते २१ दिवस मोजायचे ते शेतकऱ्यास वाचता येणारा कागद त्याच्या हाती पडल्यापासून; त्यासाठी महामार्ग कायद्यात दुरुस्ती लागेल, ती दिल्लीने करावी.