मॉक ड्राफ्ट: कोण कोणाला उचलणार?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये आयपीएलसारखी बोली लागत नाही. कॉलेजातून येणारे खेळाडू 32 संघ दर एप्रिलमध्ये सात फेऱ्यांत पाळीपाळीने निवडतात. आदल्या हंगामात जो सर्वांत तळाला, त्याची पाळी पहिली. (पाळ्यांची संघांत अदलाबदलही होते.) कोण कोणाला घेईल हे आधीच वर्तवण्याचा उद्योग म्हणजे मॉक ड्राफ्ट.

अंदाज बांधणारे आधी संघातली भगदाडं पाहतात: कोणाचा करार संपला, कोणाचं वय झालं. मग इंडियानापोलिसला होणाऱ्या या खेळाडूंच्या चाचणीतले धावण्या-उड्यांचे आकडे. पहिली एक-दोन नावं बहुधा जमतात. पुढे एखादा संघ वाकडा गेला, की त्याच्या मागची सगळी यादी ढासळते.

उदाहरणार्थ, मार्च 2024 मध्ये अटलांटा फाल्कन्सने क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कर्क कझिन्सशी चार वर्षांचा महागडा करार केला. साहजिकच अंदाज बांधणाऱ्या बहुतेकांनी फाल्कन्सच्या नावापुढे बचावपटू लिहिला. एप्रिलमध्ये फाल्कन्सने आठव्या क्रमांकावर घेतला तो मायकेल पेनिक्स, म्हणजे आणखी एक क्वार्टरबॅकच! गरजेवर बेतलेले अंदाज, माझ्या मते, इथेच फसतात. संघ यंदाचं भोक बुजवतोय की दोन वर्षांनंतरचं, हे बाहेरून कळत नाही. डिसेंबरात कझिन्स बाकावर होता आणि पेनिक्स मैदानात.