राखीव गोलरक्षकाचा शनिवार

सकाळी ८. ओहायोतलं टोलेडो शहर, जानेवारीची थंडी, संघाने राहायला दिलेला फ्लॅट. चहा-कॉफीच्या आधी फोन बघायचा, वरून बोलावणं आलंय का म्हणून. हा राखीव गोलरक्षक खेळतो ती ईसीएचएल ही तिथल्या व्यावसायिक आइस हॉकीची तिसरी पायरी. वर एएचएल, त्याच्याही वर एनएचएल. एनएचएलमध्ये ३२ संघ, प्रत्येकाचे दोन गोलरक्षक, म्हणजे जागा ६४. वर कुणाची मांडी आखडली की खालचा एकजण वर जातो आणि त्याच्या जागी आणखी खालचा. दुसऱ्याच्या दुखण्यावर आपली बढती अवलंबून आहे, हे कुणी बोलून दाखवत नाही. आज फोन नाही.

सकाळी १०. हंटिंग्टन सेंटरमध्ये सराव. सामन्याच्या सकाळी जो गोलरक्षक बर्फावरून आधी उतरतो, तो रात्री खेळणार, असा रिवाज. आज आधी उतरला तो दुसराच. याने मागे थांबायचं. रात्रीच्या संघात नसलेले खेळाडू याच्यावर नेम धरणार. गोल ६ फूट रुंद, ४ फूट उंच. पायाला ११ इंच रुंदीचे पॅड. गुडघे टेकायचे, पोटऱ्या दोन्ही बाजूंना फाकवून बर्फालगतची वाट अडवायची, उठायचं, पुन्हा टेकायचं. या शैलीला बटरफ्लाय म्हणतात. नाव नाजूक आहे, पण ती खुब्याचे सांधे खाते.

दुपारी पास्ता आणि झोप.

संध्याकाळी ५. काठीला टेप गुंडाळणं, भिंतीवर टेनिसचे चेंडू मारून झेलणं.

संध्याकाळी ७. सामन्याआधीच्या सरावात मुख्य गोलरक्षक दमू नये म्हणून याने जास्तीचे फटके अंगावर घ्यायचे. मग टोपी घालून बाकाच्या टोकाला बसायचं आणि खेळाडूंसाठी दार उघडायचं. हॉकीत पाऊण-एक मिनिटाला खेळाडू बदलतात, त्यामुळे या दाराला विसावा नाही. क्रिकेटमधला बारावा गडी निदान क्षेत्ररक्षणाला तरी उतरतो. याला उतरायची वेळ येते ती संघाचं वाटोळं होत असताना. तीन-चार गोल पटापट बसले की प्रशिक्षकाची नजर बाकावरून फिरते. ती नजर ओळखायची, हेल्मेट चढवायचं आणि गारठलेल्या पायांनी आत जायचं. गोठवून ठेवलेला रबरी पक सुसाट येतो. अंग गरम करायला वेळ कुठला! माझ्या मते खरी नोकरी ती हीच, बाकी सगळी तयारी. आज मात्र नजर फिरली नाही.

रात्री ११. पुढच्या सामन्यासाठी बस कॅलमझूकडे निघते. ७२ सामन्यांच्या मोसमात शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ तीन सामने नेहमीचेच. पगार आठवड्याला काहीशे डॉलर, तोही मोसमापुरता. तरी माणसं टिकून राहतात, कारण गोलरक्षक जोनाथन क्विक २००७-०८ मध्ये याच लीगमध्ये रेडिंग रॉयल्सकडून खेळत होता आणि २०१२ मध्ये त्याने लॉस एंजेलिसला एनएचएलचा स्टॅन्ली कप मिळवून दिला. अशी उदाहरणं थोडी आहेत, पण बसमध्ये तीच चघळली जातात.

मागे बसलेले पत्ते खेळताहेत. प्रशिक्षक पुढून येऊन याला म्हणतो, "उद्या तू." हा मान डोलावतो, टॅबलेट उघडतो आणि कॅलमझूच्या पॉवरप्लेची, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाच्या हल्ल्याची, चित्रफीत लावतो. त्यांचा उजवीकडचा खेळाडू पास देण्यापूर्वी खांदा किंचित पाडतो का, ते याला मुक्कामाला पोचायच्या आत ठरवायचं आहे.